किलकेनीच्या मागावर चिंचोक्याची खळ

इमान खाली यायला लागलं तवा शेजारच्या बाईनं खिडकीतनं बोट दाखवलं, म्हनली, आजी, ते बघा डब्लिन. मला डब्लिन काय दिसलं न्हाय. मला हिरवं रान दिसलं आन अगदी खाली आल्यावर रानात मेंढरं दिसली. कुनाच्या पाठीवर निळा ठिपका, कुनाच्या तांबडा. आमच्याकडं बी कळपात कळप मिसळू नये म्हनून असाच रंग लावत्यात. मुंबईपास्नं मी खुर्चीचा दांडा धरून बसले हुते, त्यो तिथंच सोडला. जिथं मेंढरू हाय तिथं मला काय भ्या?

मी मानदेसातली. जातीनं सनगर, म्हंजी घोंगडी इननारी मानसं. साळा तिसरीपतूर. एकोनसत्तर वर्सं सरली तवर पुन्याच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं. माझा एकुलता ल्योक दत्ता हिकडं आयर्लंडात कंपनीत कामाला हाय. सून प्राजक्ता पुन्याची, ती बी कंपूटरवाली. त्येंची ईरा आठ वर्साची. ती साळंतनं आल्यावर घरात कोन असनार, म्हनून मला तीन म्हैन्यांसाठी बोलावलं.

त्येंचं घर डब्लिनच्या कडंला, ओंगारला. तिथं समदी घरं एका साच्यातनं काढल्यागत. तेच दार, तीच खिडकी, म्होरं तेवढाच गवताचा तुकडा. तिसऱ्या दिवशी मी पाय मोकळं करायला गेले आन येताना भलत्याच दाराला किल्ली लावून फिरवत बसले. आतनं एक उंच गोरी बाई आली. वराडली न्हाय. मला आत नेलं, खुर्चीवर बसवलं, दुधाचा चहा दिला आन मंग दारोदार इचारून माझं घर शोधून दिलं. संध्याकाळी दत्तानं आमच्या दाराला तांबडी रिबन बांधली. दुसऱ्या दिवशी सून म्हनली, "आई, शेजारी विचारतायत कुणाचा वाढदिवस आहे."

ईराला मराठी समदं समजतं, पर जबाब इंग्रजीत देती. जेवलीस का? ग्रँड. साळा कशी हुती? ग्रँड. गुडघा फुटलाय तुझा, दुखतंय का? ग्रँड. सुनंला इचारलं तर ती म्हनली, हिकडं ग्रँड म्हंजी बरं. लई बरं न्हाय, नुसतं बरं. म्हनलं, चांगला शब्द हाय. आमच्यात इतकी वर्सं आमी "चाललंय" म्हनत आलो, तसाच.

दोन आठवडं झालं तवा शनवारी दत्तानं गाडी काढली. किलकेनी दाखवतो म्हनला. वाटंनं दोन्ही बाजूला रान, रानाला दगडी बांध, आन बांधाच्या आत पुन्यांदा मेंढरं. किलकेनी जुनं गाव. दगडी किल्ला, दगडी देवळं, दोन मानसं शेजारी चालली तर खांदं भिंतीला घासत्याल असले बोळ. किल्ला बघून माझा गुडघा बोलायला लागला. येताना गावाच्या भाईर एक जुनी दगडी गिरन लागली. तिथं प्राजक्ताला शाल बघायची हुती. गाडीचं दार उघडलं आन माझ्या कानावर आवाज आला. खटाक, खट. मंग थांबला. मंग पुन्यांदा खटाक. आन पुन्यांदा थांबला.

मागाचा आवाज हुता त्यो. इननारा चांगला असंल तर माग असा अडखळत न्हाय. मी म्हनलं, आत कुनाचा तरी धागा तुटतोय.

आत दोन बाया हुत्या. एक नोरा. वय माझ्याएवढंच, पायात रबरी बूट, हाताची बोटं माझ्यावानीच वाकडी झाल्याली. गिरन तिची, मागं रानात मेंढरं हायती ती बी तिची. दुसरी मागावर बसलेली, काळीसावळी, चाळिशीची. तिचं नाव पालेसा. तिच्या खांद्यावर जाड लोकरीचं पांघरून, छातीवर मोठ्या पिनंनं टाचलेलं. पांघरायची ती रीत बघून मी दारातच थबकले. आमच्याकडं धनगर घोंगडं असंच खांद्यावर टाकतो, फकस्त पिन नसती. तिनं मान लववली, म्हनली, "खोत्सो, न्खोनो." सुनंनं इचारून सांगितलं, खोत्सो (शांती असू दे) हा त्येंचा रामराम, आन न्खोनो म्हंजी आजी.

पालेसा लेसोथोची. आफ्रिकेत डोंगरावर बसलेला एवढासा देस, आन चारी बाजूंनी दुसरा एकच मोठा देस. ताटात वाटी ठेवावी तसा. थंडी लई, म्हनून बाया-गडी समदी पांघरून घ्येत्यात. लगीन असू दे, बारसं असू दे, मयत असू दे, पांघरून लागतंच. मी सांगितलं, आमच्यात बी देव बसवायचा तर खाली घोंगडं अंथरावं लागतं. ती नुसती मान हालवत हुती, जनू हे तिला आदुगरच ठावं हुतं.

नोरानं चहा ठिवला आन प्राजक्तानं मधी बसून समदं उलगडून सांगितलं. आयर्लंडची मानसं त्या डोंगरात लई वर्सांपास्नं जात्यात. पालेसाला अक्षर शिकवलं ते हितल्याच एका चर्चच्या सिस्टरनं. पुढं पान्याच्या लाइनी, दवाखाने, त्येला बी हितनं मदत गेली. दोन्ही देस ल्हान, एक बेटावर, एक डोंगरावर, म्हनून जमत असंल. पर आता पालेसाचं म्हननं असं, की घेऊन घेऊन आमचे हात आखडले. आता आमचा माल घ्या. तिच्या गावात बाया शेळ्यांची मऊ लोकर कातत्यात, त्येला मोहेर म्हनत्यात. आन हितं नोराच्या मेंढरांची लोकर कुनी इचारत न्हाय. कातरायची मजुरी बी निघत न्हाय, शेजारचे शेतकरी ती खड्ड्यात टाकत्यात. तवा दोन्ही सरकारांच्या कागदावर ठरलं असं, की उभा धागा नोराच्या लोकरीचा, आडवा पालेसाच्या मोहेरचा, दोन्ही हातानं कातल्यालं, आन त्येचं एक पांघरून करायचं. पुढच्या ऐतवारी पालेसाच्या देसाच्या राजदूत बाई येनार हुत्या, आयर्लंडचे सरकारी साहेब येनार हुते, आन कापडाचा एक मोठा खरीदार येनार हुता. कापड पसंत पडलं तर हिवाळ्याचं काम पालेसाच्या बायांना. न्हाय पडलं तर पालेसा रिकाम्या हातानं घरी.

"घरी काय आहे?" सुनंनं इचारलं.

पालेसा म्हनली, "घरी बाया आहेत आणि बंद पडलेली विणायची शेड आहे. हे झालं नाही तर त्या सीमा ओलांडून लोकांच्या घरी भांडी घासायला जातील. मुलं मागे ठेवून."

हे तिनं रडून सांगितलं न्हाय. बाजारहाट सांगावा तसं सांगितलं. म्हनून मला ते खरं वाटलं.

आन तिचा धागा तर दर चार बोटाला तुटत हुता. मी उठले, मागाजवळ गेले, उभा धागा चिमटीत धरून बघितला. नोराची लोकर जाड, आमच्या दख्खनी मेंढरासारखीच राठ. धाग्याला भाईर केस आल्यालं. मागाच्या फनीत घासला की केसात केस अडकायचं आन धागा तुटायचा.

मी म्हनलं, "ह्येला पाजनी केली न्हाय?"

सून म्हनली, "आई, धाग्याला काय पाजतात?"

"खळ. उपाशी धागा मागावर टिकत न्हाय."

नोरा म्हनली, तिची आजी कायतरी लावायची, काय ते तिच्यासंगं गेलं. दुकानातली एक पावडर नोरानं लावून बघितली हुती, त्येनं धागा काचंसारखा कडक हून जास्तच मोडला. मी सांगितलं, चिंचोक्याची खळ लावा. चिंचोक्याची खळ धाग्याला वाकू देती आन केस बसवती.

मी काय मोठी कारागीर न्हाय. नवरा मागावर बसायचा, मी सूत काढायचे, खळ शिजवायचे आन पाजनी करायचे. लोकरीच्या धुळीनं नवऱ्याची छाती धरली. दत्ता चौथीत हुता तवा त्यो गेला. तेराव्यानंतर मीच मागावर बसले. मंग मशीनची सस्ती पांघरनं आली, घोंगडं कोन घेईना. एका दुष्काळात रस्त्यावर खडी फोडली आन त्याच साली माग मोडून लाकडं चुलीत घातली. चांगली लाकडं हुती, तीन आठवडं पुरली. पालेसाला हे सांगितलं तर ती म्हनली, तिचा बाप शेजारच्या देसात सोन्याच्या खानीत जायचा, त्येची बी छाती अशीच धरली. सोन्याची धूळ बी तशीच मारती म्हन.

उठताना मी बोलून गेले, मंगळवारी येते, खळ घिऊन. गाडीत बसल्यावर दत्ता म्हनला, "आये, चिंचंचं झाड कुटं बघितलंस तू हितं?"

ऐतवारी सून मला घिऊन दुकानं हिंडली. आपल्या मानसांची दुकानं तिकडं हायती, चिंच बी हाय, पर समदी बिनबियांची. बी काढलीया असं पाकिटावर मोठ्या फुशारकीनं छापल्यालं. चौथ्या दुकानात एक आंध्राचा मानूस हुता. त्येच्या मागच्या खोलीत बियांच्या चिंचंचा जुना खोका पडला हुता, कुनी घेत नव्हतं. चिंच नको, बिया पायजेत म्हनल्यावर त्येनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी डोक्यानं बरी हाय का न्हाय. खोका उचलून गाडीत बी त्येनंच ठिवला.

घरात बादल्या भरून चिंच भिजवली. बिया काढल्या, कोळ उरला त्यो डब्यात भरून समद्या ओळखीच्यांना वाटला. त्या उंच बाईला बी दिला. ती दुसऱ्या दिवशी इचारायला आली, हे खायचं असतं का ह्येनं भांडी घासायची असत्यात? सून म्हनली, दोन्ही.

मंग मी घाई केली. चिंचोके भाजल्यावर रातभर भिजवायचे असत्यात. मी तसेच सुनंच्या मिक्सरात टाकले. मोठा आवाज झाला आन पातं मोडलं.

"आई, माझ्या लग्नातला मिक्सर होता हा."

"माझ्या लग्नातला पाटा अजून हाय," मी म्हनलं.

तिनं मोडल्यालं पातं कचऱ्यात टाकलं. मंग तीच हसली, आन ऑफिसात कळवलं, की तीन दिवस ती किलकेनीहून काम करनार. दत्तानं भिजल्यालं चिंचोके टावेलात गुंडाळून हातोडीनं ठेचले. ईराला त्येच्याजवळ ठिवलं आन मंगळवारी सांजच्याला आमी दोघी निघालो.

नोराच्या घरी राहिलो. तिनं बटाटं उकडलं, वर लोनी घातलं, संगं सोड्याची जाड पोळी. मी ज्वारीचं पीठ नेलं हुतं, भाकरी थापली. पालेसा म्हनली, त्येंच्याकडं मक्याचा घट्ट घाटा करत्यात, त्येला पापा म्हनत्यात, हातानंच खात्यात. तिनं भाकरी हातानं मोडली आन नोराला बी चमचा ठिवायला लावला.

बुधवारी सकाळी आभाळ सोच्छ. नोराच्या चुलीवर मी खळ शिजवली, पातळ, बोटावरनं तार सुटंल अशी. उभा धागा समदा मागावरनं काढला, अंगनात दोन लाकडी चौकटींच्या मधी ताणून बांधला. कुंचा नव्हता, तर भिंत रंगवायचा बुरूश घेतला. वरनं एक हात, खालनं एक हात, चिकाटल्यालं धागं बोटानं सोडवत पुढं जायचं. पालेसा माझ्या मागं मागं शिकत हुती. तिचा हात चांगला. घाई न्हाय.

नोरा दोनदा येऊन बोलली. सुनंनं सांगितलं, "आई, त्या म्हणतायत शेडमध्ये घ्या, पाऊस येईल." मी वर बघितलं. निळं आभाळ. मी म्हनलं, तिला सांग, खळंला उघडं ऊन आन उघडा वारा लागतो, शेडात धागा कुजंल. माग हुता तवर मी सकाळी पाजनी करून उनावर सोडली, दुपारी गोळा केली. आभाळ बघायची येळ कधी आली न्हाय. मानदेसात आमी पाऊस येत न्हाय म्हनून रडतो, येईल म्हनून न्हाय.

आमी जेवायला आत गेलो. अर्धा बटाटा खाल्ला आसंल न्हाय तोवर छपरावर सरी वाजल्या. पळत भाईर आलो. वाऱ्यानं एक चौकट आडवी पाडली हुती. धागा चिखलात, खळ वाहून चाललेली पांढरी, आन समद्याचा मिळून एक ओला गुंता. कातल्यालं सूत तेवढंच हुतं. नोराचा आन पालेसाचा म्हैनाभराचा हात त्यात गेला हुता.

नोरा दारात उभी राहून बघत हुती. ग्रँड म्हनली न्हाय.

पालेसा पायरीवर बसली. पावसात तशीच. सून माझ्या कानात म्हनली, "आई, पाऊस होता, तुमचा काय दोष?"

मी म्हनलं, "आता सांगते ते तसंच तिला सांग, एक शब्द गाळू नको. ही चूक माझी. नोरानं दोनदा सांगितलं, मी ऐकलं न्हाय. पावसावर ढकलू नको."

सुनंनं सांगितलं. पालेसानं पांघरून डोक्यावर ओढलं. मंग माझ्याकडं न बघता म्हनली, "न्खोनो, घरी बाया फोनची वाट बघतायत. त्यांना मी काय सांगू?"

मी म्हनलं, "सांग, एका हट्टी म्हातारीनं धागा भिजवला. आन हे बी सांग, म्हातारी अजून तिथंच हाय, गेली न्हाय."

तिनं फोन केला न्हाय. उठली आन चौकटीचं एक टोक धरलं. दुसरं मी धरलं.

कोमट पान्यात धागा धुतला. चौघी स्वयंपाकघरात खाली बसलो आन गुंता सोडवला. सून एका कानाला फोन लावून तिच्या साहेबांशी बोलत हुती आन दोन्ही हातांनी धागं सोडवत हुती. तिला मी आयटीवाली म्हनून टोचायचे, त्या दिवसापास्नं बंद केलं. चार भागांतला एक भाग धागा गेला, तीन भाग वाचला. खळ अर्धं भांडं उरली हुती.

गुरवारी पाजनीची जागा नोरानं ठरवली. तिच्या कोकरांचं शेड. भिंतीला फळ्या, फळ्यांच्या मधी फटी. वारा आत येतो, पाऊस येत न्हाय. जन्मल्याली कोकरं गारठू नयेत म्हनून वर तांबडे दिवे टांगल्यालं. कोकराच्या पाठीला चटका बसू नये म्हनून दिवा किती उंच ठेवायचा, हे ती तळहात धरून बघायची. तेच तिनं धाग्याला केलं. दिवा खाली, हात मधी, दिवा वर, पुन्यांदा हात. मी खळ लावत गेले, पालेसा धागं मोकळं करत गेली, नोरा दिवं सरकवत गेली. एक कोकरू येऊन लोंबत्यालं टोक चघळायला लागलं. नोरा त्येला असं काय बोलली की सुनंनं ते मला सांगितलंच न्हाय.

दुपारपतूर धागा सुकला. आजवर मी कधी सावलीत पाजनी केली नव्हती. सुकल्याला धागा बोटावर फिरवून बघितला. केस बसल्यालं, वाकतोय, मोडत न्हाय. पालेसानं तो मागावर चढवला, फनीतनं ओवला. बसली. आमी तिघी बाजूला उभ्या. खटाक, खट. चार बोटं झाली. आठ बोटं झाली. हातभर कापड झालं आन माग एकदा बी अडखळला न्हाय. पालेसानं माझ्याकडं बघितलं न्हाय, नोराकडं बघितलं न्हाय. तिचं ध्यान धाग्यावर. तवा मी ओळखलं, आता हिला माझी गरज न्हाय. मी शेडात जाऊन कोकरं बघत बसले.

शनवारी सांजच्याला कापड मागावरनं उतरलं. धागा कमी पडला म्हनून पन्हा अरुंद, पर अंग भरीव. उभी नोराची राखाडी लोकर, आडवी मोहेरची चमक. हात फिरवला तर एका बाजूनं राठ, एका बाजूनं मऊ.

ऐतवारी गिरनीत खुर्च्या मांडल्या. दत्ता ईराला घिऊन आला. राजदूत बाई खांद्यावर पांघरून टाचूनच आल्या. भाषनं झाली. लेसोथोचं नाव झालं, आयर्लंडचं झालं. मैत्री, डोंगर, बेट. आमच्या मानदेसाचं नाव कुनी घेतलं न्हाय, आन घ्यायचं कारन बी नव्हतं. मी तिसऱ्या रांगेत बसून चहा घेतला. माझं ध्यान त्या खरीदारावर. वाळका, चष्मा कपाळावर, खिशातनं टेप काढून त्येनं पयल्यांदा पन्हाच मोजला. मंग आठ्या पडल्या त्येच्या कपाळाला.

सून मला सांगत हुती. त्यो म्हनला, "अरुंद आहे. असं मला विकता येणार नाही."

मला वाटलं पालेसा आता माझ्याकडं बोट दाखवंल. दाखवलं असतं तरी मी उभी राहिले असते. ती म्हनली, "अरुंद आहे, कारण आमचा एक दिवस पावसात गेला. पण धागा बघा. ओढून बघा. पन्हा मी घरी पूर्ण देईन."

त्येनं ओढलं. नखानं घासलं. कोपरा मुठीत धरून चोळला. इचारलं, धाग्याला काय लावलंय, धुतल्यावर निघतं का? आता पालेसानं मला हाक मारली. मी उठून सांगितलं, पयल्या धुन्यात खळ निघती आन लोकर मऊ पडती. घोंगडं नवं असताना टोचतं, पर दोन सालांनी लेकराला गुंडाळावं असं हुतं. सुनंनं ते इंग्रजीत सांगितलं. त्यो पयल्यांदा हसला. मंग पालेसाला म्हनला, हिवाळ्याच्या आदुगर थोडी पांघरनं पाठवा, पूर्ण पन्ह्याची. ती टिकली तर पुढच्या सालाचं बोलू.

लई न्हाय दिलं त्येनं. पर दिलं. तिकडं टेबलावर दोन्ही देसांची मानसं पुढच्या कागदांवर सह्या करत हुती, फोटू काढत हुती, आन हिकडं पालेसा भिंतीकडं तोंड करून फोनवर तिच्या बायांशी बोलत हुती. मला तिची भाषा येत न्हाय. पर पलीकडनं बायांचा गलका आला त्यो मला समजला.

निघताना तिनं इचारलं, चिंच त्येंच्याकडं नसती, खळ कशाची करू? मी म्हनलं, आमच्याकडं दुष्काळात ज्वारीच्या पेजंची करायचो. तू मक्याची करून बघ. चिंचोक्याएवढी न्हाय व्हनार, हे आदुगरच सांगते.

तीन म्हैनं झाल्यावर मी परत आले. गावात समदी इचारायची, काय बघितलंस गं तिकडं? किल्ला बघितला, समिंदर बघितला, सांगितलं. पर मला हे जास्त सांगावंसं वाटतं, की आमी सनगर आमचं दुःख आमचंच समजून बसलो हुतो. लोकर खड्ड्यात टाकनारं तिकडं बी हायती, धुळीनं छाती धरल्याली तिकडं बी हायती. मोठ्या मानसांनी कागदं केली ते चांगलंच केलं. कागदाबिगर पालेसा त्या गिरनीत आली नसती. पर कागदानं धागा टिकला न्हाय.

म्हैन्यानं सुनंच्या फोनवर पालेसाचा निरोप आला. मक्याची खळ थंडीत तडकती, पापुद्रं निघत्यात. निम्मं काम झालंय, निम्मं अडलंय. न्खोनो, चिंचोके मिळतील का?

आमच्याकडं रस्त्याच्या कडंला चिंचोके पडून असत्यात, कुनी उचलत न्हाय. मी आन शेजारच्या दोघी जनींनी चार दिवस येचले. भाजले, फोलपटं काढली, ठेचले. गिरनीवाला म्हनला, मावशे, माझं जातं मोडंल. म्हनलं, मोडलं तर मी भरून देते, मिक्सर मोडून आलीया मी. त्येनं भरड दळून दिलं. पिशवीत शिवून तालुक्याच्या पोस्टात गेले.

पोस्टातल्या बाईनं देस इचारला. लेसोथो म्हनलं. तिनं कंपूटरात शोधलं, म्हनली, "आजी, दक्षिण आफ्रिका लिहू का?"

"न्हाय. लेसोथोच लिवा. त्यो येगळा देस हाय, त्येचा राजदूत असतो."

तिला शेवटी सापडलं. मंग फारम पुढं घिऊन म्हनली, "यात काय लिहायचं? भेट, नमुना का विक्रीचा माल?"

मी म्हनलं, "ह्या खेपेला भेट लिवा. आन तसलं दोन कोरं फारम आनखी द्या. पुढच्या खेपा विक्रीच्या हायती."